गाडीमा खेय शे

रनाळ्याच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळायच्या बेतात असतो, तिथे दर मंगळवारी देवी प्रकट व्हायची. वेळ बायकांचा स्वयंपाक आटोपल्यानंतरची आणि पुरुष जेवायला घरी जाण्याआधीची. लोकांच्या सोयीगैरसोयीची एवढी जाण असलेली देवी अख्ख्या खानदेशात दुसरी नसावी.

त्या मंगळवारीही तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. नारळवाले होते, उसाच्या रसाची गाडी होती, आणि मोबाइल धरून उंचावलेले हात तर इतके की देवीला दर्शन द्यायचं झालं तरी आधी त्यातून वाट काढावी लागली असती. लांबून एक पांढरी, जुनी, जीपच्या जातीची गाडी आली. गतिरोधकावर चढली, उतरली, आणि उतरताच तिचं पुढचं अंग थडथड कापायला लागलं. स्टिअरिंग हातात असे हिसके देऊ लागलं की चालवणाऱ्याने ते सोडून सरळ हात जोडले. गाडी घुमत घुमत डावीकडे झुकली आणि वळणीमातेच्या ओट्यासमोर जाऊन बंद पडली.

"खेयनी व माय, खेयनी," बायकांमधून लाट उठली.

मागच्या सीटवर गजराबाई बसल्या होत्या. गाडी थांबली तरी त्या थांबल्या नाहीत. केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले, डोलणं चालूच. हात जोडणारा हेमकांत हा त्यांचा मुलगा. आणि त्या दिवशी रजा टाकून, रसाच्या गाडीआड उभं राहून हे सगळं पाहणारी रूपाली ही हेमकांतची बायको.

गर्दी गजराबाईंकडे बघत होती. रूपाली एकटी पुढच्या चाकांकडे बघत होती. तिच्या पोटापाण्याचा विषयच तो. नंदुरबारच्या बाजूला एका आयटीआयमध्ये ती मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवायची. घरात मात्र ही गोष्ट ‘सून नोकरीले जास’ इतक्यावरच मिटवलेली होती. कशाच्या नोकरीला, हे पाहुण्यांना सांगायची कुणाला हौस नव्हती.

ओट्यावरून वळणबाबा उठले. बाबा कुठून आले ते कुणाला माहीत नव्हतं, पण आले तेव्हापासून ते विज्ञानावर बोलत.

"भाविकहो, लोखंडाला चुंबक चिकटतं. का चिकटतं? ओढ. ओढ कुणाची? मातेची. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे आत्ता कळतंय. माणसाच्या अंगात देव येतो, मग मोटारीच्या का येऊ नये? मोटारीला अंग नाही का? बॉडी म्हणतात ना तिला?"

गर्दीने माना डोलावल्या. बॉडी म्हणतात, हे खरंच होतं.

मग बाबांचा सेवेकरी भाग्येश भगवं फडकं घेऊन गाडीखाली सरपटत गेला. याला ‘मातेला आसन देणं’ म्हणत. तो बाहेर आला, बाबांनी बॉनेटवर भस्म फुंकलं आणि आज्ञा केली, "आता बैलाच्या चालीनं न्या. माता निजलीय." गाडी बैलाच्या चालीनं गेली आणि जराही थरथरली नाही. गर्दीने कानाला हात लावले.

या सगळ्याची सुरुवात एका फोनने झाली होती. हेमकांतने गाडी नंदुरबारच्या एका मेकॅनिकला दाखवली होती. त्याने तपासून घरी फोन केला. हेमकांत शेतात, रूपाली कामावर, फोन घेतला गजराबाईंनी. मेकॅनिक अहिराणीतच बोलला. "मावशी, हेमकांतभाऊले सांगजा, गाडीमा खेय शे. भलता खेय शे. संभायीसन चालाडा."

यंत्राचे जोड झिजून सैल झाले की मेकॅनिक म्हणतात, यात खेळ आहे. अहिराणीत खेळाचा खेय होतो. पण गजराबाईंच्या माहेरी कानबाईच्या उत्सवात बायकांच्या अंगात देवी यायची, आणि त्यालाही खेय हाच शब्द. देवी अंगात येत नाही, खेळते. गजराबाईंनी फोन ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की हेमकांतच्या गाडीत देवी खेळते, आणि हे नंदुरबारच्या माणसाने यंत्र लावून तपासून सांगितलंय.

पुढचं वळणबाबांनी हाती घेतलं. ओट्यासमोरचा गतिरोधक त्यांनी लोककल्याणासाठी स्वखर्चाने बांधलेला. तो रस्त्याला आडवा नव्हता, तिरका होता. गाडीचं डावं चाक आधी चढायचं, उजवं नंतर. जुन्या गाड्या त्यावरून उतरताना हमखास घुमायच्या. नव्या गाड्या गुपचूप निघून जायच्या. "नव्या गाड्यांत श्रद्धा कमी असते," बाबा खेदाने म्हणायचे. आणि भाग्येश? ओट्याच्या जागी आधी भाग्येशचं गॅरेज होतं. ते चाललं नाही. गॅरेज बंद झालं, देवस्थान सुरू झालं. गिऱ्हाईक तेच राहिलं, फक्त आता ते काम नीट झालं नाही म्हणून भांडायला येत नव्हतं.

इथवर रूपालीने सोडून दिलं होतं. आसन दिलेली गाडी चार-सहा दिवस शांत राहायची, पुन्हा घुमायची, पुन्हा मंगळवार यायचा. गावातल्या गावात फिरणारी गाडी, जाऊ दे, असं तिने स्वतःला समजावलं होतं. पण त्या मंगळवारी बाबांनी गजराबाईंना जवळ बोलावलं.

"रविवारी मुलीला आणायला निघालात ना? याच रथातून आणा. मातेला डावलून दुसऱ्या वाहनात बसवलंत, तर माता रुसेल. आणि रुसलेली माता आधी पोटावर हात ठेवते."

मुलगी म्हणजे स्वप्नाली, हेमकांतची धाकटी बहीण. तिचा नवरा मोलगीला शाळेत मास्तर. तिला आठवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी. आणि मोलगीहून खाली यायचं म्हणजे सातपुड्याचा घाट उतरायचा. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि एक वळण संपायच्या आत दुसरं तोंडासमोर.

त्या संध्याकाळी ओसरीवर रूपालीने विषय काढला.

"आई, ती गाडी घाटमा लई जावानी नही. तिन्हा जॉइंट झिजी जायेल शेत. स्वप्नालीताईले दुसरी गाडीमा लयूत."

"तुले देव दिखस नही, जॉइंट दिखस," गजराबाई शेंगा फोडत म्हणाल्या.

"जॉइंट हात लाईसन देखता येस."

"मंग देवले हात लाव ना. कोनी ना म्हनं?"

शेजारच्या रंजनाबाई खास हे ऐकायलाच आल्या होत्या. "मास्तरीणबाई, तुमना आयटीआयमा देवलेबी परीक्षा देवनी पडस का?"

"देवले नही, वहिनी. ड्रायव्हरले."

हेमकांत मध्यस्थी करायला पुढे आला. दोघींच्या मध्ये उभं राहून दोघींना नाराज करायची त्याला सवय होती. "मी हयू हयू चालाडसू ना. कसाले घाबरस?"

"चढतावखत तू गाडी चालाडस," रूपाली म्हणाली. "उतरतावखत गाडी तुले चालाडस."

सासरे गिरधरनाना पेपरच्या आड गेले. पेपर कालचा होता.

गजराबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. त्यांचा आवाज उतरला, आणि तो उतरला की घरात कुणी बोलत नसे. "आयक व रूपाली. दोन साल ती पोरगीनी कूस उजवनी नही. आते उजवनी. देवीनं नाव काढीसन तू आडवी उनी, आन तिले काही व्हयनं, ते तुन्हा डोकावर."

 रूपालीच्या लक्षात आलं की समोरची बाई हट्ट करत नाहीये, घाबरलीय. आणि घाबरलेल्या माणसाला चाकाच्या जोडातला दांडा-वाटी-गोळा समजावून उपयोग नसतो. भाग बदलून टाकावेत, तर येत्या मंगळवारी भाग्येश पुन्हा फडकं घेऊन खाली घुसेल आणि नवेही सैल करून ठेवेल. न बदलावेत, तर रविवार तिथेच आहे.

तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा भाविकपणे थाप मारली.

"बरं, आई. मंग मी शनवारे देवीले आंघोय घाली लयसू."

गजराबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन हळदकुंकू आणि देवीला चढवायला एक नवा खण आणला आणि गाडीची किल्ली त्यावर ठेवून दिली. लग्न झाल्यापासून सासूने सुनेला स्वतःहून दिलेली ही पहिली किल्ली.

शनिवारी आयटीआयला सुट्टी, शेड रिकामी. रूपालीने ओढणी कमरेला गुंडाळली, गाडीचं पुढचं अंग जॅकवर उचललं, मागच्या चाकांना दगड लावले. पुढचं डावं चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवलं. खटखट. चाक हललं, पण गाडीतलं स्टिअरिंग जागचं हललं नाही. म्हणजे मधे कुठेतरी दोघांचं नातं तुटत आलं होतं.

ती खाली गेली. भगवं फडकं सोडलं. आत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळलेल्या, त्यावर बांधणीची तार, पिळून घट्ट केलेली. सगळं कापून काढलं.

चाकं वळवणारा एक लांब दांडा असतो. त्याच्या टोकाला वाटीत बसवलेला लोखंडी गोळा असतो, माणसाच्या खांद्यात असतो तसा. त्याच्या जोरावर चाक वळतं. इथे वाटी इतकी झिजली होती की गोळा आत सुट्ट्या सुपारीसारखा वाजत होता. रूपालीने दोन बोटांनी ओढलं, तर तो वाटीच्या काठापर्यंत आला.

तिने बोटं मागे घेतली. तिला देवीचा राग आला नाही. तिला त्या ट्यूबचा राग आला. ज्याला काही कळत नाही, तो नारळ फोडतो. ट्यूब तोच बांधतो, ज्याला नेमकं काय सुटणार आहे हे कळतं.

मग ती कामाला लागली. नट अडवून धरणाऱ्या खिळपिना सरळ करून ओढल्या, नट सोडले, दांडा ज्या लोखंडी कानात बसतो त्याला दोन बाजूंनी हातोडे देऊन जोड सुटे केले. दोन्ही बाजूंचे काढून बाजारातून आणलेले नवे बसवले, कारण हे भाग जोडीने बदलायचे असतात. एक जुना ठेवला की तो नव्याला खातो. घरातही हा नियम लागू असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. ग्रीस भरलं, दोन्ही चाकं एकमेकांशी सरळ आहेत की नाही ते मापून घेतलं, पुन्हा चाक धरून हलवलं. आता चाकाबरोबर स्टिअरिंगही हललं. आवाज नाही. जुने जोड आणि कापलेल्या ट्यूबच्या पट्ट्या तिने देवीच्या खणात बांधल्या.

रविवारी निघताना हेमकांतने स्टिअरिंग धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आज जड लागस."

"आंघोय झायी ना," रूपाली शेजारी बसत म्हणाली. "देवी निवायेल शे."

मागे गजराबाई, मांडीवर लेकीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा. आज रथाचं प्रस्थान म्हणून वळणावर मंगळवारच्या दुप्पट गर्दी. बाबांच्या हातात माईक होता.

"आला, मातेचा रथ आला. आता पाहा. विज्ञानवाल्यांनो, डोळे असतील तर पाहा. आता माता खेळेल."

गाडी नेहमीच्या वेगात गतिरोधकावर चढली, उतरली. हेमकांतने सवयीने हात जोडले. गाडी सरळ चालत राहिली. ओटा डावीकडून आला, गेला, मागे पडला. समोर वळण दिसल्यावर हेमकांतने दचकून स्टिअरिंग धरलं आणि ब्रेक दाबला.

गर्दीत कुणीतरी शिंकलं, ते सगळ्यांना ऐकू आलं.

"माता लाजली," माईक म्हणाला. "परत घ्या."

परत घेतली. गाडी पुन्हा शहाण्या मुलीसारखी निघून गेली. तिसऱ्यांदा घेतली, जरा जोरात. गजराबाईंनी आतून डोलायचा प्रयत्न केला, पण गाडीचा धक्का नसताना त्यांना ताल सापडेना. त्यांनी डोळे उघडले.

"विटाळ," बाबा गरजले. "मातेला कुणीतरी अपवित्र हात लावलाय."

रूपाली खाली उतरली. "मी लावला. काल. हाताला ग्रीस होतं, तेवढंच."

गर्दी हलली. ‘सून शे का ती?’ ‘हेमकांतनी बायको.’ ‘लाज नही का व?’ दोन माणसं तावातावाने पुढे आली. रूपाली त्यांच्याकडे न बघता गाडीच्या मागच्या दाराशी गेली, खण सोडला आणि जुना जोड सासूच्या हातात दिला.

"हलाडा, आई."

गजराबाईंनी हलवला. खटखट. पुन्हा हलवला. खटखट.

"मेकॅनिकनी फोनवर काय सांगं व्हतं?"

"गाडीमा खेय शे," गजराबाई सवयीने म्हणाल्या, आणि हातातल्या लोखंडाकडे बघत राहिल्या.

"हाऊ तो खेय."

मग रूपाली गर्दीकडे वळली आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. जोड झिजला की चाक सैल होतं. वेगात एका चाकाला आधी धक्का बसला की दोन्ही चाकं थडथडतात, स्टिअरिंग हिसके देतं. हा गतिरोधक त्यासाठीच तिरका आहे. रस्त्याचा उतार ओट्याकडे आहे, म्हणून सैल चाकांची गाडी सोडली की ओट्याकडे जाते, घट्ट जोडांची सरळ जाते. हळू चालवली की थडथड होत नाही, म्हणून माता निजते. आणि फडक्याखाली हे होतं. तिने ट्यूबच्या पट्ट्या उंच धरल्या. रसवाला मान वाकडी करून बघू लागला. तशी ट्यूब त्याच्या सायकलीलाही होती.

बाबांनी माईक तोंडाजवळ नेला. "ते लोखंड नाही, मातेचं आसन आहे. याच घडीला परत बसवा. नाहीतर त्या गर्भवतीचं बरंवाईट झालं तर पाप या बाईवर."

"बसवते," रूपाली म्हणाली. "हत्यारं गाडीतच आहेत. इथेच, सगळ्यांसमोर जुनं परत लावते. मग तुम्ही पुढच्या सीटवर बसा, महाराज. मी चालवते. आपण मोलगीला जाऊ आणि घाट उतरू."

गर्दीला हे पटलं. खरं तर आवडलं. आतापर्यंत देवी नुसती ओट्यापर्यंतच आली होती, घाटात तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"आम्ही वाहनात बसत नाही. व्रत आहे."

"मंग ती कायी गाडी कोनी शे?" रंजनाबाईंनी ओट्यामागे बोट दाखवलं. त्यांना रूपालीचा पुळका नव्हता. प्रश्न तोंडात आला की तो गिळता येत नसे, एवढंच. "रोज धुवतस ना तिले?"

बाबांनी डोळे मिटले आणि मौन धारण केलं. व्रतांचा साठा मोठा होता.

गजराबाई गाडीतून उतरल्या. हातात तो जोड. ओट्याच्या पायरीपाशी गेल्या आणि आर्जवाने म्हणाल्या, "बठा ना, महाराज. मन्ही आंडेर, मन्ही पोर त्यामा बठनारी शे. तुम्ही मोरे बठा. माले धीर येई."

महाराजांचे डोळे मिटलेलेच.

गजराबाईंनी थोडी वाट पाहिली. मग त्या शेजारी उभ्या असलेल्या भाग्येशकडे वळल्या. "बरं, तू बठ. तुन्हा हातनंच आसन शे ना?"

भाग्येश मागे सरकला. मागे ओटा होता. "मावशी, माले नको बठाडू."

"काब रे?"

तो जे बोलला ते माईकशिवाय बोलला, पण पहिल्या चार रांगांनी ऐकलं आणि मागच्यांना सांगितलं.

"उतारवर ते निसटी जास."

"काय निसटस?"

"गोळा. वाटीमातून."

गजराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या अंगात कुणी आलं नव्हतं. तरी अंग कापत होतं. "तुले ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "तुले ठाऊक व्हतं, आन मन्ही पोटुशी पोर त्यामा बठनारी व्हती."

भाग्येशने बाबांकडे पाहिलं. बाबा मौनात होते.

गजराबाईंनी तो जोड भाग्येशच्या ओंजळीत ठेवला. "घे. दे आसन. बठ्ठासना मोरे, सगया गावना मोरे दे." मग गाडीत जाऊन बसल्या, लाडवांचा डबा मांडीवर घेतला आणि मुलावर ओरडल्या, "देखस काय? चाल. पोर वाट देखी ऱ्हायनी."

संध्याकाळी घाट उतरताना स्वप्नाली आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. गजराबाई जाग्या होत्या. प्रत्येक वळणावर त्या पुढे वाकून स्टिअरिंगकडे बघत आणि सुनेला विचारत, "आते नही ना खेय?" रूपाली म्हणायची, "नही, आई."

आता कथा इथे संपवली तर गाव शहाणं झालं असं वाटेल, म्हणून उरलेलंही सांगितलं पाहिजे. त्या दिवसाचे व्हिडिओ फिरले, आणि निम्म्यांवर लिहिलं होतं, ‘सुनेच्या स्पर्शाने देवी रथ सोडून गेली.’ रनाळ्यात आजही रूपालीला पाहून तोंड फिरवणारी घरं आहेत. वळणबाबा आठवड्याभरात काळ्या गाडीतून निघून गेले. स्वतःच्या गतिरोधकावरून ती गाडी हूं की चूं न करता गेली. दुसऱ्या कुठल्या वळणावर ते बसले असतीलच. जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. गजराबाई घरच्या देव्हाऱ्यात अजून दिवा लावतात आणि रूपाली त्याबद्दल काही म्हणत नाही. देव घरात राहिला, गाडीतून उतरला. तिला तेवढंच हवं होतं.

तुमच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरत असेल, तर नारळ घेऊ नका, जॅक घ्या. पुढचं चाक उचला, दोन्ही हातांनी धरून हलवा, कान द्या. लोखंड झिजतं. झिजलं की वाजतं. वाजतं ते आपल्याला सांगायलाच, आणि ते ऐकायला कुठल्याही बाबाचा कान उसना लागत नाही. हे गाडीला लागू आहे तसं तापाला, सापाला आणि न होणाऱ्या मुलालाही लागू आहे. आणि तरीही कुणी तुम्हाला पटवू लागला की यात देवी खेळते, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. पुढच्या सीटचं दार उघडा आणि आदराने म्हणा, बठा ना, महाराज, घाट उतरू. जो बसत नाही, त्याला सगळं ठाऊक असतं.